वरच्या मजल्यावरची मावशी

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका स्वयंपाकघरात, हातात झारा धरून मला अमेरिकेचा इतिहास शिकावा लागेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण शिकावा लागला. आणि त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

माझी मुलगी तेव्हा अकरावीत होती. भारतीय शाळेच्या लॉटरीत तिचा नंबर लागला नव्हता, म्हणून तिला घराजवळच्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत घातलं. पुढच्या वर्षी बदलू, असं माझा नवरा म्हणाला. ते पुढचं वर्ष अकरा वर्षांत आलं नाही. आम्ही वसईचे. दर सुट्टीत वसईच्या किल्ल्यात जाऊन फोटो काढतो, पण तो किल्ला कुणी बांधला आणि कुणी कुणाकडून जिंकला हे माझ्या मुलीला सांगता येत नाही. आमच्यापैकी कुणी डोळ्यांनीही न पाहिलेल्या देशात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कापडगिरणीत कोण किती तास काम करायचं, हे मात्र तिला पाठ असायला हवं. म्हणजे असायला हवं होतं. पहिल्या सत्रात तिला इतिहासात जेमतेम पासाचे गुण मिळाले.

शाळेच्या समुपदेशक बाईंनी मला बोलावून शांतपणे समजावलं की कॉलेजच्या अर्जासोबत अकरावीचे गुण जातात आणि इतिहासाच्या सरांचं शिफारसपत्रही जातं. मी त्या बाईंना म्हटलं, "इतिहास माझ्यावर सोडा."

दहावीला मी इतिहासात वर्गात पहिली होते. आमच्या बाईंनी आम्हाला जसं शिकवलं तसंच मी शिकवणार होते. कारणे पाच, परिणाम पाच, प्रत्येकाखाली पट्टीने रेघ, आणि झोपेतून उठवलं तरी धडाधडा सांगता आलं पाहिजे. इथून जवळच, मुसाफ्यातल्या एका दवाखान्यात मी काउंटरवर काम करते. दुपारी पेशंट कमी असले की त्या वीटभर जाड पुस्तकातला एक एक धडा वाचायचा, नोट्स काढायच्या आणि संध्याकाळी कणीक मळता मळता मुलीकडून घोकून घ्यायच्या. मुलीकडून म्हणजे मुलींकडून. कारण वरच्या मजल्यावरची मुलगीही तिच्याच वर्गात होती.

वरच्या मजल्याचं आधी सांगायला हवं. आम्ही राहतो तो व्हिला कागदोपत्री एका कुटुंबाचा आहे, इथल्या पालिकेचा तसा नियमच आहे. प्रत्यक्षात जिप्समच्या भिंती घालून त्यात चार बिऱ्हाडं बसवली आहेत. इथे असे व्हिले किती आहेत, ते मोजायला कुणी जात नाही. आमच्या डोक्यावर कोल्हापूरकडचं एक कुटुंब राहतं. नवरा गोदामात कामाला, बायको नर्स आणि एक मुलगी. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात नातूर, म्हणजे व्हिल्याचा राखणदार, दारात येऊन सांगून गेला होता, "मॅडम, कोई पूछे तो बोलना, सब एक फॅमिली है. खलास." म्हणून मी आणि ती नर्स सख्ख्या बहिणी झालो. तिच्या गळ्यात मंगळसूत्र, माझ्या गळ्यात क्रूस. ती गुरुवारी उपास करते, आमच्याकडे रविवारी मटण. तरी बहिणी.

मुली तेव्हा पाच-सहा वर्षांच्या होत्या. लहान मुलांच्या तोंडाला कुलूप नसतं, म्हणून रोज सकाळी दूध देताना मी दोघींची उजळणी घ्यायचे. "वर कोण राहतं?" "मावशी." "ही कोण तुझी?" "कझिन." "आणि तुमच्या मम्म्या?" "सिस्टर्स." न अडखळता सांगितलं की एकेक चॉकलेट. महिन्याभरात दोघी इतक्या तयार झाल्या की मीच कधीकधी विसरायचे. इतक्या वर्षांत विचारायला कुणी आलं नाही. पण तयारी असलेली बरी, असं आम्ही एकमेकींना म्हणायचो.

तर त्या दोघी बहिणी माझ्या स्वयंपाकघरात बसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका पाठ करू लागल्या. तो धडा युरोपातून आणि आशियातून बोटी भरभरून आलेल्या माणसांचा होता. ही माणसं आपलं गाव सोडून शहरात का आली, याची पुस्तकात चार कारणं दिली होती. माझा जीव चारावर भागेना. पाच गुणांच्या प्रश्नाला पाच मुद्दे लागतात, हे मला कुणी शिकवायला नको. नवरा समोर चहा पीत बसला होता. बावीस वर्षांपूर्वी तो दुबईत, देराच्या एका खोलीत सात जणांबरोबर राहिला, ते पाठच्या दोन बहिणींची लग्नं उरकेपर्यंत. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पाचवा मुद्दा लिहून टाकला: धाकट्या बहिणींची लग्नं करून देण्यासाठी.

"मम्मी, धिस इज नॉट इन द बुक," माझी मुलगी म्हणाली.

"पुस्तकात सगळं नसतं, बाय. तू लिही."

तिने लिहिलं. वरच्या मुलीनेही लिहिलं. दोघींनी ते परीक्षेतही लिहिलं, शब्दन् शब्द तसाच, त्याच क्रमाने आणि खाली पट्टीने रेघ मारून.

तीन दिवसांनी शाळेतून मेल आला. दोन्ही उत्तरपत्रिका तंतोतंत सारख्या आहेत, कॉपीचा संशय आहे, भेटायला या. शेवटी एक ओळ होती, ती मी काउंटरवर उभ्या उभ्या चार वेळा वाचली. चौकशीत गैरप्रकार सिद्ध झाला तर त्याची नोंद विद्यार्थिनीच्या कायमच्या रेकॉर्डवर जाईल, आणि कॉलेजच्या अर्जात ती शाळेला कळवावी लागेल. माझ्या मुलीने आयुष्यात कुणाचं खोडरबरसुद्धा न विचारता घेतलेलं नाही. आणि आता माझ्या नोट्सपायी तिच्या नावापुढे चोर असं लागणार होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

खरा घोळ मला घरी आल्यावर कळला. सरांनी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून आधीच विचारलं होतं. माझी मुलगी मान खाली घालून सांगत होती, तिच्या नेहमीच्या इंग्रजीत. सरांनी विचारलं, तुम्ही एकत्र अभ्यास करता का? ती हो म्हणाली. सरांनी सहज विचारलं, तुम्ही शेजारी राहता का? आणि हिच्या तोंडून फटकन निघून गेलं, "शी इज माय कझिन. अवर मदर्स आर सिस्टर्स." पलीकडच्या खोलीत त्या मुलीनेही अगदी हेच सांगितलं. शाळेच्या फाइलमध्ये दोघींची आडनावं, धर्म, आयांची माहेरची नावं, सगळं होतं. सरांनी ते उघडून पाहिलं असणार. म्हणजे आता कॉपी तर होतीच, वर खोटंही होतं.

"कशाला सांगितलंस असं?" मी ओरडले. "सरांना? सर काय पालिकेचे आहेत?"

"आय डोन्ट नो, मम्मी! ही क्लोज्ड द डोअर अँड आस्क्ड. इट जस्ट केम आउट."

दार लावलं आणि विचारलं म्हणून निघालं तोंडातून! मला इतका संताप आला की मी त्या दिवशी भातात दोनदा मीठ घातलं. संताप कुणावर होता ते विचारू नका. सरांवर होता, शाळेवर होता, लॉटरीवर होता, जिप्समच्या भिंतींवर होता. माझ्यावरही होता, पण त्याला मी रांगेत सगळ्यांत मागे उभं केलं होतं.

वरची नर्स खाली आली. तिचा चेहरा उतरला होता. "ताई, काय पण करा, पण आपण वेगळे राहतोय हे शाळेत कळू देऊ नका," ती म्हणाली. "शाळेतून कुठं गेलं तर? मला दुसरीकडं खोली परवडायची नाही. माझी ड्युटी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे." मला ठाऊक होतं. तिच्या ड्युटीत तिची मुलगी माझ्याकडेच जेवते.

नवऱ्याने नेहमीप्रमाणे यल्ला, म्हणजे चला, म्हणून विषय संपवला. "जा, भेट, सॉरी बोल. इन्शाल्ला सगळं ठीक होईल." इन्शाल्ला म्हणायला त्याचं काय जातं? जायचं मला होतं.

भेटीला जाताना मी काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पाच मुद्दे काढून. कॉपी नाही, नोट्स माझ्या आहेत, वही ही बघा. मुलीला माझ्या शेजारी बसवलं होतं. सर चाळिशीचे, दाढी राखलेले, अमेरिकेतलेच, आवाज अगदी मऊ. त्यांनी दोन्ही उत्तरपत्रिका माझ्यासमोर ठेवल्या. दोन्हींत पाचव्या मुद्द्याभोवती लाल गोल होता. त्यांनी मुलीला विचारलं, हा मुद्दा कुठून घेतलास? तुझा स्रोत काय?

"माय मॉम," ती म्हणाली.

मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली आणि त्यांना थोडं हसू आलं. माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात त्यांनी वही मिटली आणि मऊ आवाजातच विचारलं, "ती दुसरी मुलगी तुमची भाची आहे का?"

त्या खोलीचं दार बंद होतं. ते टेबलाच्या पलीकडे होते आणि त्यांच्यासमोर फाइल होती. माझ्या ठरवलेल्या पाच मुद्द्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण उत्तर मला येत होतं. दहा वर्षं मीच तर ते शिकवत होते.

"यस सर," मी म्हणाले. "माय सिस्टर्स डॉटर."

माझ्या मुलीने माझा हात धरला. अकरावीतली मुलगी शाळेत आईचा हात धरत नाही. आणि ती मराठीत बोलली. मी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलगी, परक्या माणसासमोर म्हणाली, "आई, खोटं नको ना बोलू. हे सर आहेत."

आई! घरी मी मम्मी असते. मग तिनेच सगळं सांगितलं, इंग्रजीत, सरांकडे बघत. आम्ही नातेवाईक नाही. एका घरात राहतो. लहानपणापासून असं सांगायला शिकवलंय. आम्ही कॉपी केली नाही, आम्ही पाठ केलं. मी बाजूला बसून ओढणीचं टोक पिळत होते. आता हे कुठवर जाणार, नर्सला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं.

सरांनी समोरची फाइल मिटून बाजूला सारली. मग ते म्हणाले की तुमच्या घरात कोण राहतं याच्याशी माझं काही काम नाही, ते मी कुठे लिहिणारही नाही. मला फक्त पेपरचं खरं हवं होतं, ते मिळालं. उत्तरं स्वतःच्या शब्दांत नाहीत, म्हणून या परीक्षेला दोघींना शून्य. दोघींनी आठवड्याभरात याच धड्यातलं एकेक पान निवडून त्यावर निबंध लिहायचा. शब्द स्वतःचे हवेत आणि प्रत्येक माहितीचा स्रोत द्यायचा. तो नीट जमला तर रेकॉर्डवर नोंद जाणार नाही. उठताना मला म्हणाले, "अँड मॅम, नो नोट्स, प्लीज."

नो नोट्स! दहावीला वर्गात पहिली आलेल्या बाईला!

त्या आठवड्यात मला माझ्याच स्वयंपाकघरात टेबलाजवळ फिरकायची बंदी होती. मुलगी लिहायची आणि मी ओट्यापाशी उभी राहून भांड्यांचा आवाज करायचे. विषय काय घेतलास, एवढंही ती सांगेना. वरच्या मुलीने मात्र येऊन सांगितलं. तिने माझा पाचवा मुद्दाच घेतला होता. ग्रंथालयात शोधता शोधता तिला सापडलं की ग्रीसमधून अमेरिकेत गेलेले कितीतरी भाऊ घरी बहिणींच्या लग्नासाठी पैसे पाठवायचे आणि त्या उजवल्या जाईपर्यंत स्वतः बिनलग्नाचे राहायचे. "मी म्हटलं नव्हतं?" मी झारा आपटून ओरडले. ती हसली. माझी मुलगी हसली नाही.

घरात प्रिंटर नाही, म्हणून निबंध माझ्या दवाखान्यात छापायचा होता. वाचायचा नाही, असं बजावून तिने मला तो पाठवला. मी वाचला. कुठली आई वाचणार नाही?

तिने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका बेटाचं पान घेतलं होतं. ते पान मीही वाचलं होतं, पण चीनमधून आलेल्यांवर किती नियम होते, एवढाच मुद्दा काढून पुढे गेले होते. तेव्हाच्या कायद्याने चिनी लोकांना आत यायला जवळजवळ बंदीच होती. त्यामुळे कितीतरी जण आधीपासून तिथे राहणाऱ्या कुणाचा तरी मुलगा म्हणवून यायचे. बोटीवर ते उत्तरं पाठ करायचे. घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, शेजारी कोण. किनारा दिसला की पाठांतराचे कागद समुद्रात टाकायचे. मग बेटावर बंद खोलीत अधिकारी त्यांना प्रश्न विचारायचा आणि तेच प्रश्न त्यांच्या नातेवाइकाला दुसऱ्या खोलीत. उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवणी.

आमच्या घराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी आधी तेच शोधलं, मेल्या चोराच्या मनात चांदणं. पण शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं की अशा मुलांबद्दल पुस्तकात लिहितात की त्यांनी उत्तरं पाठ केली. त्यांनी भीतीही पाठ केली, हे लिहीत नाहीत. उत्तराचं काम संपलं तरी भीती पाठच राहते आणि मग कुणीही दार लावून काही विचारलं की तीच आधी बोलते. याला तिने स्रोत दिला नव्हता.

मला ते वाक्य खोडायचं होतं. मला म्हणायचं होतं, बाय, आम्ही काय हौसेने शिकवलं का? तुझ्या डोक्यावर छप्पर राहावं म्हणूनच ना? काउंटरवर एक पेशंट विमा कार्ड घेऊन उभा होता आणि मी त्याच्याकडे बघून डोळे पुसत होते. त्याला वाटलं कुणी गेलं असावं. मी निबंध छापला, स्टेपल केला आणि वाचलाच नाही असा चेहरा करून घरी नेऊन दिला. दोघींना चांगले गुण मिळाले. रेकॉर्ड कोरं राहिलं. सरांनी पत्रही द्यायचं कबूल केलं. मला वाटलं, सुटलो.

दोन महिन्यांनी, शनिवारी सकाळी, मी चपात्या लाटत असताना बेल वाजली. दार मुलीने उघडलं. पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातला, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यातला, एक तरुण माणूस हातात टॅब घेऊन उभा होता. पालिकेकडून आलोय, असं म्हणाला. बोलायला फार सभ्य. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारायला आलं होतं.

"गुड मॉर्निंग. वरच्या मजल्यावर कोण राहतं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात धरून उभी होते. वर नर्स रात्रीची ड्युटी करून झोपली होती. मी मान हलवली नाही. हो म्हणून नाही आणि नको म्हणूनही नाही. देवाशप्पथ, त्या क्षणी तिने काय सांगावं असं मला वाटत होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

"माय आंटी," ती म्हणाली. "माय मदर्स सिस्टर. अँड माय कझिन." आवाज स्वच्छ होता, चेहऱ्यावर हसू होतं, कुठे अडखळली नाही.

त्याने टॅबवर काहीतरी टिपलं, शुक्रन म्हणाला आणि पुढच्या व्हिल्याकडे गेला. तिने दार लावलं, कडी घातली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हसू आता चेहऱ्यावर नव्हतं.

"फुल मार्क्स, मम्मी?" तिने विचारलं.

लहान असताना या उत्तराला मी तिला चॉकलेट द्यायचे. आता माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. तिने थोडी वाट पाहिली आणि मग मावशीला उठवून सांगायला जिन्याने वर गेली. तव्यावरची चपाती करपली होती. मला भयंकर राग आला होता, आणि तो काढायला त्या स्वयंपाकघरात माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.